भिंतीवरचा सिनेमा आणि त्याचे चितारी

आज अस्तित्वात असलेल्या भारतीय चित्रपटांच्या पोस्टरांत सर्वांत जुने म्हणून जे ओळखले जाते, ते १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटाचे. चित्रपट कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक बाबूराव पेंटर आणि कथा शिवकाळातल्या कल्याणच्या खजिन्याची. ठाण्याहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत जिथे पोचता येते, त्या गावाचे नाव या कलेच्या पहिल्या उपलब्ध कागदावर आहे. आणि तरीही ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या टॉकीजवर दर शुक्रवारी जी मोठमोठी चित्रे चढत होती, त्यांतले एकही मला कुठल्या संग्रहात पाहायला मिळालेले नाही. कागद शंभर वर्षे राहिला. कापड राहिले नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण जुन्या पोस्टरांविषयी अलीकडे जे प्रेम दाटून आले आहे, त्यात तो हरवतो. हाताने रंगवलेले पोस्टर म्हटले की सगळे एकाच गोष्टीविषयी बोलतो आहोत असे वाटते. प्रत्यक्षात ती तीन कामे होती आणि तिन्हींचे हात वेगळे होते. छापखान्यात जाणारे मूळ चित्र एकजण काढी. टॉकीजच्या दर्शनी भागावरचे बॅनर दुसरेच लोक रंगवत. चित्रपटाच्या नावाची अक्षरे बहुधा तिसऱ्याच माणसाची असत. तिघांचे नशीबही सारखे नव्हते. कोणाचे नाव राहिले, कोणाचे काम राहिले आणि कोणाचे दोन्ही गेले, हे पाहिले की या कलेचा खरा हिशेब हाती येतो.

सुरुवात कोल्हापुरात आणि तीही नाटकाच्या पडद्यांवर झाली. बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४) आणि त्यांचे चुलत बंधू आनंदराव हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता, दरबार ही दृश्ये शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही खरी वाटली पाहिजेत, हा त्या कामाचा नियम. लांबून दिसण्यासाठी सावली किती गडद ठेवायची, उजेड कुठे टाकायचा, जवळून भडक वाटणारा रंग किती अंतरावर मवाळ होतो, याचे शिक्षण या पडद्यांनी दिले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यांच्या मेस्त्री या आडनावाच्या जागी ‘पेंटर’ रूढ झाले.

त्यांच्याकडे चित्रपट आणि त्याची जाहिरात या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी नव्हत्या. वेशभूषा रेखाटणारा, नेपथ्य उभारणारा आणि पोस्टर रंगवणारा माणूस एकच किंवा एकाच तालमीतला. प्रेक्षकाच्या हाती देण्यासाठी छायाचित्रांसह माहितीपुस्तिका काढण्याची प्रथाही बाबूरावांच्या नावावर आहे. त्यांच्या हाताखालून विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल आणि व्ही. शांताराम बाहेर पडले आणि १९२९ साली त्यांनी प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. फत्तेलाल हे मुळात चित्रकार. प्रभातच्या जुन्या जाहिराती पाहताना त्यात आणि चित्रपटाच्या चौकटीत एकच नजर फिरलेली जाणवते, याचे कारण हे आहे.

छपाईची बाजूही याच मुलखातली. राजा रविवर्म्याचा शिळाछाप कारखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी त्या छपाईच्या कामात होते. शिळाछाप म्हणजे प्रत्येक रंगासाठी दगडावर वेगळे रेखाटन आणि एकावर एक छापे. एका रंगाचा दगड केसभर सरकला तरी लक्ष्मीचा ओठ गालावर येतो. देवादिकांच्या त्या छापील चित्रांनी घराघरांत जो चेहरा रुजवला होता, तोच पुढे पोस्टरावर नायिकेचा झाला. म्हणून आपल्या पोस्टरांचा उगम केवळ परदेशी सिनेजाहिरातीत शोधणे मला पटत नाही. नाटकाचा पडदा आणि भिंतीवरची तसबीर हे त्याचे दोन आजोबा.

बोलपटांबरोबर धंदा मुंबईत एकवटला आणि चित्रकार स्टुडिओबाहेर पडला. धोबीतलावाला १९३८ साली मेट्रो थिएटर उघडले. तिथल्या हॉलिवूडच्या चित्रपटांची शो-कार्डे रंगवून गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित (१९१६–१९९३) नावारूपाला आले. शरीराची ठेवण, त्वचेवरचा उजेड आणि कापडाची चमक यांवर त्यांचा जो ताबा होता, तो पाहून पुढच्या दोन पिढ्या शिकल्या. गोव्याचे रघुवीर मुळगावकर यांनी फवाऱ्याने रंग देण्याची हातोटी इतकी मऊ केली की त्यांचे चेहरे कागदावर ठेवल्यासारखे नाहीत, कागदातून वर आल्यासारखे दिसतात. बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ची मुखपृष्ठे, दिवाळी अंक, कॅलेंडरे आणि चित्रपटांची जाहिरात या सगळ्यांत हीच माणसे वावरत होती. आपल्या आज्या देवघरात ज्या दत्ताला हात जोडत, तो दत्त आणि टॉकीजवरची नायिका कित्येकदा एकाच घराण्याच्या कुंचल्यातून उतरलेली असे. कलासमीक्षेने या चित्रकारांना ‘कमर्शियल’ म्हणून बाजूला ठेवले. ही मोठी चूक झाली, असे मी ठामपणे म्हणेन. विसाव्या शतकातल्या मराठी माणसाची चित्रांची आवड आर्ट गॅलरीत घडली नाही. ती या कागदांवर घडली.

जी. कांबळे यांचे उदाहरण तर अंगावर येणारे आहे. कोल्हापूरचे गोपाळ बळवंत कांबळे (१९१८–२००२) शांतारामांच्या राजकमल स्टुडिओत काम करत. ‘मुगल-ए-आझम’साठी के. आसिफ यांनी त्यांना तिथून आपल्याकडे वळवले आणि त्यांच्या कामासाठी विन्सर अँड न्यूटनच्या रंगांचा देशातला साठा उचलला, ही गोष्ट चित्रपटसृष्टीत अजून सांगतात. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरला तो चित्रपट लागला, तेव्हा बाहेरची चित्रे पाहायलाही लोक थांबत. याच कांबळ्यांनी काढलेल्या शिवाजी महाराजांच्या चित्राला महाराष्ट्र शासनाने अधिकृत चित्राचा मान दिला. तहसील कचेरीत, शाळेत ते चित्र आपण जन्मभर पाहतो. ते काढणारा माणूस चित्रपटांची पोस्टरे रंगवत होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

साठ-सत्तरच्या दशकांत रीत बदलली. छायाचित्र मोठे करून त्यावर रंग चढवणे सुरू झाले आणि कुंचल्याच्या जोडीला चाकू आला. दिवाकर करकरे हे या काळातले सर्वांत मोठे नाव. जे. जे.मधून शिकून आलेले करकरे पॅलेट नाइफने जाड रंगाचे फटके मारत. ‘दीवार’ (१९७५), ‘त्रिशूल’, ‘अमर अकबर अँथनी’ यांची पोस्टरे आठवून पाहा. अमिताभच्या चेहऱ्यावरचा राग निम्मा त्या खरबरीत रंगात आहे. पटकथा लिहिणाऱ्यांना त्या रागाचे श्रेय मिळाले, ते योग्यच. पण चित्रपट लागण्याच्या कित्येक आठवडे आधी तो राग रस्त्यावर आणला करकऱ्यांनी. फोटोवर रंगवल्यामुळे ही चित्रे कमी अस्सल ठरतात असे काही शुद्धतावादी म्हणतात. मला ते मान्य नाही. फोटो चेहऱ्याची ओळख देतो, त्यातला ताण रंगवणाऱ्यालाच आणावा लागतो.

ही झाली नाव राहिलेल्यांची कहाणी. आता बॅनरकडे येऊ, कारण आमच्या भागाशी खरा संबंध त्याचा.

वंदना, मल्हार, अशोक, प्रभात ही ठाण्याची नावे, टिळक आणि गोपी ही डोंबिवलीची. नौपाड्यात आजही पत्ता सांगताना ‘वंदना टॉकीजजवळ’ असेच तोंडात येते. छापील पोस्टर वितरकाकडून येई. भारतात त्याचे रूढ माप ३० बाय ४० इंच. ते खळीने भिंतीवर चिकटवायचे आणि पुढच्याने त्यावर आपले चिकटवायचे. पण टॉकीजच्या कपाळावरचे बॅनर छापून येत नसे. ते कुणीतरी शिडीवर उभे राहून रंगवलेले असे.

त्याचे तंत्र सांगण्यासारखे आहे. लाकडी चौकटींवर जाड कापड ताणून त्यावर सरस आणि खडूचा हात द्यायचा, म्हणजे तेलरंग आत मुरत नाही. वितरकाने दिलेल्या स्टिल फोटोवर पेन्सिलने चौकडी आखायची, तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या करून आखायच्या आणि एकेक घर उतरवत जायचे. डोळा चार घरांत, नाक तीन घरांत. जवळ उभ्या असलेल्या पेंटरला संपूर्ण चेहरा दिसतच नाही. तो मध्येच उतरतो, रस्ता ओलांडून पलीकडे जातो, डोळे बारीक करून पाहतो आणि परत चढतो. कामाची वाटणी ठरलेली असे. नवशिक्या पोराने पार्श्वभूमी भरायची, जरा मुरलेल्याने कपडे आणि हात, आणि चेहऱ्याला फक्त उस्तादाने हात लावायचा. गालावर हिरवा, कपाळावर निळा, डोळ्याखाली जांभळा असे रंग जवळून विचित्र दिसत. रस्त्याच्या पलीकडून तेच माणसाच्या रक्तामांसाचे होत. पडदे रंगवणाऱ्या कोल्हापूरकरांचे ज्ञान इथे, नाव नसलेल्या माणसांच्या हातांत, जिवंत राहिले होते.

मजुरी चौरस फुटावर मिळे. मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत हेच काम करत होते, हे सर्वश्रुत आहे. मोठ्या जागेवर न डगमगता रेघ ओढण्याची त्यांची सवय होर्डिंगांनीच लावली. हुसेनांचा हा काळ आपण ‘संघर्षाचे दिवस’ म्हणून सांगतो, जणू खरे काम नंतर सुरू झाले. त्यांच्या शेजारच्या शिडीवर उभ्या असलेल्यांसाठी तेच खरे काम होते आणि ते उत्तम करण्यात त्यांचा मान होता.

ही चित्रे गेली कशी? बहुतेक जण उत्तर देतात, फ्लेक्स आला म्हणून. पण बॅनर फ्लेक्सच्या आधीही राहत नव्हते. चित्रपट उतरला की कापड धुवायचे किंवा पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा आणि पुढचा चित्रपट त्यावरच रंगवायचा. कापड महाग, हात स्वस्त. एकेका कापडाखाली दहा-वीस चित्रे गाडलेली असत. शिवाय आपला पाऊस. जूनमध्ये चढलेले चित्र ऑगस्टपर्यंत ओघळलेले. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. अशा लांब मुक्कामाच्या चित्रपटाचे बॅनर मध्येच पुन्हा उजळवावेच लागते. ग्रँट रोडच्या पिला हाउस भागातल्या आल्फ्रेड टॉकीजसाठी शेख रेहमान हे अगदी अलीकडच्या काळापर्यंत अशी चित्रे रंगवत होते. ‘ओरिजिनल कॉपी’ (२०१५) या माहितीपटात त्यांचे काम सविस्तर दिसते, आणि नवे चित्र उभे राहताना जुने कसे नाहीसे होते हेही. हा माहितीपट दोन जर्मन दिग्दर्शकांनी केला. मराठी माणसाला तो सुचायला हवा होता.

फ्लेक्सने मारले ते चित्राला नाही, कामाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर छापील विनाइल इतके स्वस्त झाले की चार-पाच माणसांचे आठवड्याचे काम यंत्र काही तासांत उरकू लागले. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा उल्लेख कमी होतो. मल्टिप्लेक्सला कपाळच नाही. मॉलच्या आत, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, सहा पडद्यांवर रोज अनेक चित्रपट लागतात, त्यातला एक बाहेर रंगवायचा तर कुठला आणि कशासाठी? दुसरे, चित्रपटाचा मुक्काम आखडला. पंचवीस आठवडे चालेल या आशेवर मालक रंगवून घेत असे. दुसऱ्या शुक्रवारी उतरणाऱ्या चित्रपटासाठी तो पैसे टाकत नाही. नटांचीही अट आली की चेहरा हुबेहूब फोटोसारखाच हवा. पेंटरने आपल्या समजुतीने दिलेला डोळ्यातला राग किंवा ओठावरचे हसू कोणालाच नको झाले.

ठाण्यात फ्लेक्सने चौक व्यापले ते पुढाऱ्यांच्या वाढदिवसांनी आणि दहीहंडीच्या शुभेच्छांनी. हरिनिवासपासून गावदेवीपर्यंत चालत जा, पन्नास चेहरे तुमच्याकडे पाहून हात जोडतील आणि त्यांतला एकही कोणी पाहून काढलेला नसेल. ज्यांचा हात बसला होता, ते पेंटर दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, गाड्यांचे नंबर आणि गणेशोत्सवातले देखावे यांकडे वळले. देखाव्यांत मात्र त्यांचे कसब नीट वापरले गेले. मंडपाचा मागचा पडदा हे मूळचेच त्यांचे घर.

अक्षरांविषयी थोडे. हिंदी चित्रपटाच्या पोस्टरावर नाव अनेकदा देवनागरी, रोमन आणि उर्दू अशा तीन लिप्यांत असे आणि तिन्हींत एकच स्वभाव उतरवणे सोपे नव्हते. मराठीत या कलेला कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी जो दर्जा दिला, तो अजोड आहे. शिरोरेघ कुठे तोडायची, वेलांटी किती फिरवायची, यावरून नाटक फार्स आहे की शोकांतिका हे वर्तमानपत्र उघडताच कळे. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झाल्यापासून ठाणेकरांनी नाटकाच्या जाहिरातीत त्यांची अक्षरे आठवड्यामागून आठवडे वाचली. त्यांनी ‘माझी अक्षरगाथा’ लिहून ठेवली म्हणून त्यांचे काम निदान पुस्तकात आहे. टॉकीजवर अक्षरे काढणाऱ्यांचे तसे काही उरले नाही. संग्राहकही पोस्टर विकत घेताना चेहरा पाहतो, अक्षराला कोणी विचारत नाही.

आज काय स्थिती आहे? छापील पोस्टरांना भाव आला आहे. २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने हिंदी चित्रपटांच्या दृश्यकलेचे प्रदर्शन भरवले आणि त्याच वर्षी रेचेल ड्वायर व दिव्या पटेल यांचे पुस्तक आले. पुढे जेरी पिंटो आणि शीना सिप्पी यांचे, मग राजेश देवराज आणि एडो बाउमन यांचे. ही सगळी पुस्तके इंग्रजीत आहेत. करकरे, मुळगावकर, कांबळे, होर्डिंगच्या धंद्यातले बाळकृष्ण वैद्य ही नावे आपली, आणि त्यांच्यावरचे सलग काम वाचायला मराठी वाचकाने इंग्रजी पुस्तक उघडायचे. मला हे लागते.

चोरबाजारात किंवा लिलावात पोस्टर घेणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या लोकप्रिय चित्रपटांची पुनःप्रदर्शने होत आणि प्रत्येक वेळी पोस्टरे नव्याने छापली जात, कित्येकदा चित्रही नव्याने काढले जाई. ‘पहिल्या प्रदर्शनाचे’ म्हणून मिळणारे बरेच कागद पुढच्या ऑफसेट छपाईचे असतात. खालच्या कडेला छापखान्याचे नाव पाहावे, कागदाची जात पाहावी, भिंग लावून ठिपके पाहावेत. शिळाछापाचा दाणा आणि ऑफसेटची ठिपक्यांची जाळी यांतला फरक डोळ्याला लवकर कळतो. पुनःप्रदर्शनाचे पोस्टर घेऊ नये असे नाही, त्याचाही इतिहास आहे. पण पैसे त्या हिशेबाने द्यावेत. आणि लॅमिनेशन कधीही करू नये.

सरकारी पातळीवर पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे आणि पी. के. नायर यांच्या चिकाटीने तिथे पोस्टरे, पुस्तिका, फोटो जमले. मुंबईत पेडर रोडला २०१९ साली चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. २०१४ पासून शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचे फिल्म हेरिटेज फाउंडेशन या साहित्याचे जतन करत आहे. या सगळ्यांत मुख्यतः छापील कागद आहेत. मूळ रंगचित्रे थोडी, बॅनर त्याहून विरळ.

बाहेर कोणी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. पोलंडने पोस्टरसाठी वॉर्सात १९६८ साली स्वतंत्र संग्रहालय उघडले, पण तिथले चित्रकार सरकारी यंत्रणेसाठी काम करत होते आणि त्यांना चेहरा न दाखवण्याची मुभा होती. आपली परिस्थिती त्यांच्याशी जुळत नाही. घानामध्ये पिठाच्या पोत्यांवर रंगवलेली पोस्टरे गावोगावी फिरत. ती आज परदेशी संग्राहकांसाठी रंगवली जातात. पेंटरला पैसे मिळतात हे चांगले, पण गावातला प्रेक्षक त्यातून गेला. मला सर्वांत पटते ते तैवानच्या ताइनान शहराचे. तिथल्या एका जुन्या चित्रपटगृहाने यान जेन-फा या पेंटरकडून बॅनर रंगवून घेणे थांबवले नाही, आणि यान रस्त्याच्या कडेलाच तरुणांना शिकवूही लागले. एक टॉकीज, एक उस्ताद आणि पोरांचा एक वर्ग, एवढ्यावर ते चालले.

आपल्याकडे रणजित दहिया यांनी २०१२ पासून वांद्र्याच्या भिंतींवर जुन्या चित्रपटांचे चेहरे रंगवले. लग्नाच्या पत्रिका, कॅफेच्या भिंती, कुणाला वाढदिवसाची भेट म्हणून ‘फिल्मी’ पोस्टर, अशी मागणीही आहे. त्यातून हाताला काम मिळते, याचा आनंद आहे. मात्र जुन्या शैलीची नक्कल म्हणजे ती कला वाचली असे समजू नये. जुना पेंटर जुन्या शैलीत रंगवत नव्हता. पुढच्या शुक्रवारी लागणारा, अजून कोणी न पाहिलेला चित्रपट तो रंगवत होता.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यापुरते बोलायचे तर कापड मिळवण्याची आशा मी धरत नाही. माणसे मात्र आहेत. सत्तरीच्या पुढचे पेंटर, त्यांच्या हाताखाली पार्श्वभूमी भरणारे तेव्हाचे पोरगे, प्रोजेक्शन चालवणारे, बॅनर चढवणारे, टॉकीजच्या मालकांची कुटुंबे. त्यांच्या कपाटांत टॉकीजचे गर्दीचे फोटो असतात आणि त्या फोटोंच्या वरच्या कडेला बॅनर दिसते. लग्नाच्या वरातीच्या, मिरवणुकीच्या, पुराच्या जुन्या फोटोंतही ते सापडते. हे फोटो गोळा करून, त्यावर तारखा घालून, पेंटरांना दाखवून ‘हा चेहरा कोणाच्या हातचा?’ असे विचारले तर अजून उत्तर मिळू शकते, कारण हे लोक एकमेकांचा हात ओळखतात. रंग कुठून आणत, चौरस फुटाला काय मिळे, हिरवा कुठे घालायचा हे कोणी शिकवले, चेहरा पहिल्यांदा कोणत्या चित्रपटाचा रंगवायला मिळाला, हे प्रश्न विचारून ध्वनिमुद्रित करायला मोठी संस्था लागत नाही. नौपाड्यातल्या एखाद्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागाला एका वर्षात हे करता येईल, आणि ते याच वर्षी सुरू करावे, कारण पुढच्या वर्षी उत्तरे देणारे त्यांतले काही जण नसतील.